लाम

४ जानेवारी

'लिसानुल अरब'चा अकरावा खंड आज उघडला. बैरूतची छपाई, एकूण खंड पंधरा. या अख्ख्या खंडात एकच अक्षर, लाम. धातूच्या शेवटी लाम असेल तर तो इथं सापडायचा. पहिल्या अक्षरावरून शोधायची बोटांची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

सर म्हणतात, कवीला यमक हाताशी मिळावं म्हणून ही रचना, असं सांगतात.

इब्न मंजूरनं हा कोश १२९० मध्ये पुरा केला. शब्द वेचत वाळवंटात हिंडला नाही. आधीचे पाच ग्रंथ पुढ्यात घेतले, त्यांतलं एका जागी आणलं, आणि माझं श्रेय गोळा करण्यापुरतंच, असं आरंभीच लिहून ठेवलं. वाचून त्याच्याविषयी माया वाटली.

७ जानेवारी

ऐन, क़ाफ, लाम. अक्ल.

मूळ अर्थ बांधणं. उंट बसवायचा. पुढचा पाय गुडघ्यात दुमडायचा. नळी आणि वरचा पाय एकत्र आवळायचे. ती दोरी म्हणजे इकाल. डोक्यावरच्या रुमालाभोवती अरब काळं कडं घालतात, तेही इकालच. मग माणसाला आवरून धरणारं आतलं जे काही, ते अक्ल.

आणखी एक अर्थ खाली दडलेला. खुनाची भरपाई. भरपाई उंटांत द्यायची, आणि ते उंट मयताच्या माणसांच्या अंगणात नेऊन बांधायचे. बांधले, म्हणून त्या भरपाईचंही नाव अक्ल. ती भरणारी भाऊबंदकी आकिला.

आपण नुसती अक्कल घेतली. दोरी तिकडंच राहिली. पायबंद मात्र फारसीतून आला, आणि तो घोड्याच्या पायातून सुटून थेट वर्तमानपत्रात गेला.

८ जानेवारी

बाळूचा फोन. ट्रॅक्टरचं पक्कं. आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

१० जानेवारी

ऐन निघत नाही. आज अर्धा तास तेवढंच. सर गळ्यावर बोट ठेवून दाखवतात, इथून. माझा 'अ' तोंडातच उगवतो.

अक्कल, अर्ज, अंमल, इज्जत, इल्लत. मराठीत आलेल्या या सगळ्यांच्या सुरुवातीला ऐन होता. आपल्या गळ्यानं तो उंबऱ्यावरच उतरवून घेतला.

आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमदनं अरबीचा पहिला मोठा कोश ऐनपासूनच मांडला. अक्षरं गळ्यातून सुरू करून ओठांपर्यंत आणली. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, तशीच. कोशाचं नावही 'किताबुल ऐन'.

११ जानेवारी

बाळू आप्पांशी बोलला. आप्पा काही म्हणाले नाहीत. उठून गोठ्यात गेले.

सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. जोडी तिकडं न्यायची. सोन्या आणि हरण्या.

१२ जानेवारी

उंटाची वयं. अस्मईनं उंटांवर वेगळं पुस्तकच केलं, आणि घोड्यांवर, शेळ्यामेंढ्यांवर. बसऱ्यात येणाऱ्या बदूंना गाठायचं आणि विचारत बसायचं.

दुसऱ्या वर्षातलं पिल्लू इब्न मखाद, कारण आई पुन्हा गाभण राहायच्या वयाची झाली. तिसऱ्यातलं इब्न लबून, आईला पुन्हा दूध आलं. म्हणजे पिल्लाचं वय आईच्या अंगावरून मोजायचं. चौथ्यात हिक्क. आता पाठीवर ओझं टाकायला हरकत नाही, तो हक्काचा झाला. आपला 'हक्क' याच घरातला. पाचव्यात जजअ. सहाव्यात सनी, पुढचे दोन दात पडले. सातव्यात रबाई, त्यांच्या शेजारचे पडले. आठव्यात सदीस. नवव्यात सुळा हिरडी फाडून वर येतो, तेव्हा बाजिल. बे, जे, लाम. फाडणं, चिरणं.

मी पेन खाली ठेवलं. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला. हे मी लहानपणी आप्पांच्या मागून बाजारात फिरताना ऐकलंय. ओठ वर करून बघायचे आणि एकच शब्द टाकायचे. अरबानंही ओठच वर केला होता.

बाजिलनंतर उंटाच्या वयाला नवा शब्द नाही. एक वर्षाचा बाजिल, दोन वर्षांचा बाजिल, एवढंच म्हणायचं.

हरण्या जुळून किती वर्षं झाली, बाळूला विचारायला हवं.

१६ जानेवारी

सकाळी सहाला फोन.

"अक्का, सोन्या दिला. एकटाच मागितला गिऱ्हाइकानं. त्याचा एक मेलाय, ऊसतोडीला जोडी लावायचीय."

"आणि हरण्या?"

"त्याचं तोंड उघडून बघितलं आन् पुढं गेले."

१७ जानेवारी

आप्पा बोलंनात. जेवतात थोडं.

बाळू म्हणतो, "एवढं काय त्यात, अक्का? सगळ्या गावानं दिलं."

जीम, लाम, लाम. जलल. मोठी आपत्ती. आणि अगदी किरकोळ गोष्ट. दोन्ही.

१८ जानेवारी

उलट अर्थांचे शब्द. अरबीत त्यांना अज्दाद म्हणतात. इब्नुल अंबारीचा त्यावर आख्खा ग्रंथ आहे, दहाव्या शतकातला. जौन म्हणजे काळा, आणि पांढराही. मौला म्हणजे धनी, आणि त्यानं मोकळा केलेला गुलामही. नाहिल म्हणजे तहानलेला, आणि पिऊन तृप्त झालेलाही.

काही शब्द मात्र भीतीनं उलटे झालेत. साप चावलेल्या माणसाला सलीम म्हणायचं, सुखरूप. निर्जल वाळवंटाला मफाजा, सुटकेची जागा.

सरांना हे परकं वाटेल म्हणून मी आपल्याकडचं सांगितलं. आमच्या गावात साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. घरातून जाणारा 'येतो' म्हणून जातो.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आमच्या घरीही दिवा वाढवतातच, बाई."

आणि बैल 'विकला' म्हणत नाहीत. दिला म्हणतात. हे मला घरी आल्यावर सुचलं.

२२ जानेवारी

थंडी. एक ओळही नाही.

२५ जानेवारी

एडवर्ड लेनचे खंड ग्रंथालयात बसून चाळले. १८४२ ते १८४९ कैरोत. रोज बारा-बारा तास तेच काम. पहिला भाग छापून निघाला १८६३ मध्ये. १८७६ मध्ये तो गेला तेव्हा क़ाफपर्यंत पोचला होता. पुढचं नात्यातल्या तरुणानं, स्टॅन्ली लेन-पूलनं, हाती होती ती टिपणं लावून १८९३ पर्यंत संपवलं. क़ाफनंतर पानं विरळ होतात, हे उघडताच कळतं. भरगच्च स्तंभ अचानक संपतात. नूनमधलं 'नहल' बघायला गेले आणि हाती चिमूटभर लागलं.

जर्मन विद्वानांनी म्हणून आपला कोश काफपासून सुरू केला, लेनचा हात सुटला तिथून. काफ झालं. लाम झालं. २००९ मध्ये तो तिथंच थांबला.

मीमपासून पुढं माणसानं कुणाकडं जायचं?

२६ जानेवारी

लेनचा मुख्य आधार 'ताजुल अरूस'. तो लिहिणारा मुर्तजा जबीदी आपला, हिंदुस्थानातला. १७३२ मध्ये बिलग्रामला जन्मला, अवधात. येमेनमधल्या जबीद गावी शिकला म्हणून जबीदी. कैरोत स्थिरावला, १७९१ मध्ये प्लेगानं तिथंच गेला. अरबीचा हा प्रचंड कोश गंगेकाठच्या मुलखातून गेलेल्या माणसानं बांधला, हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर मी अरबीला पन्नाशीत हात लावला नसता. आधीच लावला असता.

आणि मोल्सवर्थ. त्याचा मराठी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. लेन कैरोतून परतून मजकूर लिहीत होता तेव्हा हा इकडं दुसरी आवृत्ती सजवत होता. अरबीतून आलेल्या शब्दांपुढे त्यानं तशी खूण घातलीय. त्या खुणा मोजायला बसावं एकदा.

३० जानेवारी

आज लाम बाजूला ठेवला. सरांनी गरीब काढला. गैन, रे, बे.

गर्ब म्हणजे मावळणं, दूर जाणं, पश्चिम. त्याच धातूतला गर्ब म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी मोट. गुराब म्हणजे डोमकावळा. गरीब म्हणजे आपल्या माणसांपासून दूर पडलेला, परका.

आणि कोशकारांच्या भाषेत गरीब म्हणजे दुर्मीळ शब्द. कानावर पडत नाही, समोर आला तर ओळखू येत नाही, असा. 'गरीबुल हदीस' नावानं असे शब्द गोळा करणारे ग्रंथच झाले. अबू उबैदनं नवव्या शतकात केला, त्याला चाळीस वर्षं लागली असं सांगतात.

मराठीत गरीब झाला निर्धन. पण गरीब गाय म्हणतो तेव्हा पैशाचं काय? मारकी नाही, अंग चोरून उभी राहते, ती गरीब.

हरण्या गरीब होता पहिल्यापासून. सोन्या शिंगं उगारायचा.

३१ जानेवारी

'होता' लिहिलं काल. आहे.

५ फेब्रुवारी

अजहरीची गोष्ट. हेरातचा माणूस. ९२४ मध्ये हजहून परतताना करमती टोळ्यांनी कारवाँ लुटला, त्यात हा धरला गेला. ज्यांच्या वाट्याला आला ते बदू होते. पावसामागं फिरणारे. हिवाळा दहनात, वसंत सम्मानमध्ये. त्यांच्या उंटांमागून हाही फिरला, बराच काळ. आणि ऐकत राहिला. त्यांच्या बोलण्यात चूक म्हणून सापडायची नाही, असं त्यानं पुढं लिहिलं. सुटल्यावर 'तहजीबुल लुगा' केला. इब्न मंजूरच्या पाच ग्रंथांतला एक तो.

कैदेत शब्द वेचणारा माणूस. त्याच्यासाठी मला हुंदका येतो, हे कुणाला सांगता येत नाही.

मी आप्पांना शब्द कधी विचारले? एकदाही नाही.

९ फेब्रुवारी

ज्वारीची काढणी सुरू झाली. बाळू म्हणतो ये.

१२ फेब्रुवारी, गाव

मंगळवेढ्याहून दुसरी गाडी. रान पिवळं. काढलेल्या पेंढ्या ओळीनं पडलेल्या. पाचुंदा मोजताना बायकांचा आवाज.

गोठ्यात दोन खुंट्या, एक बैल. दुसऱ्या खुंटीला सोन्याचं दावं गुंडाळून ठेवलंय.

आप्पा म्हणाले, "आलीस?" एवढंच.

१३ फेब्रुवारी

मशीन आलं. दोन तासांत सगळं. कानात अजून घरघर. धूळ.

पूर्वी याला आठवडा जायचा.

बाळूला विचारलं, खळं कुठं होतं? त्यानं ट्रॅक्टरकडं बोट केलं. चाकाखाली. जमिनीवर काही खूण नाही.

दाल, रे, सीन. दरस म्हणजे मळणी, कणसं तुडवणं. दरस म्हणजे पुसून जाणं, वस्ती उठून गेल्यावर वाऱ्यानं जागेवरच्या खुणा घासत नेणं. जुन्या अरबी कविता अशा पुसलेल्या जागेशीच उभ्या राहून सुरू होतात. आणि दरस म्हणजे अभ्यास. मदरसा त्यातलाच. तेच तेच पायाखाली घालायचं, दाणा सुटेपर्यंत.

कोश पुण्यात. हे सगळं आठवणीतून लिहितेय. परतल्यावर ताडून बघायचं.

१४ फेब्रुवारी

दुपारी आप्पांजवळ वही घेऊन बसले. खळ्याच्या मधल्या खांबाला काय म्हणायचं?

बराच वेळ माझ्याकडं बघितलं. "तुला म्हाईत न्हाई?"

तिवडा मला माहीत होतं. नाही म्हटलं.

मग आलं. तिवडा. त्याच्याभोवती बैलांची पात. कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला मुसकं. आत चालणारा बैल हळू, बाहेरचा जोरात, म्हणून म्हातारा नेहमी तिवड्याकडं बांधायचा. मग वारा बघून वावडी मांडायची, वर उभं राहून उफणायचं. रास. राशीच्या कडेचं मातेरं. ते कोणाचं, त्याचेही नियम होते.

तीन पानं भरली. मधेच म्हणाले, "हे लिहून काय करणार?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनीच पुढं सांगायला घेतलं. म्होरकी वेगळी, वेसण वेगळी, कासरा वेगळा. लोढणं कोणाच्या गळ्यात अडकवायचं. रानात पळणाऱ्याच्या.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी हरण्याला हौदावर नेलं. तोंड लावलं आणि उचललं. आप्पांनी शीळ घातली. बारीक, लांब, एकाच सुराची. पुन्हा तोंड लावलं.

नून, हे, लाम. नहल, पहिलं पिणं. ऐन, लाम, लाम. अलल, दुसरं पिणं. उंट पाण्यावर येतो, पितो, मागं सरतो, थांबतो, पुन्हा येतो. त्या पुन्हा येण्याला शब्द आहे. शीळेला काय म्हणतात, आप्पांना विचारलं. "शीळच की."

इल्लतही त्याच ऐन-लाम-लाममधली. दुखणं, कारण. आपल्याकडं नुसती पीडा उरली.

१६ फेब्रुवारी

निघताना आप्पा फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, येते.

२० फेब्रुवारी, पुणे

दरस ताडून बघितला. बरोबर होता.

सरांना वही दाखवली. त्यांनी भिंगाखाली एकेक शब्द वाचला. तिवडा, वावडी, मातेरं. दोनदा वाचला. म्हणाले, "अस्मईनं अजून काय केलं?"

२७ फेब्रुवारी

ऐन, मीम, लाम. काम. अंमल, मामला, मामलेदार. यअमला म्हणजे कामाची, न थकणारी उंटीण.

खलीलनं प्रत्येक धातूची अक्षरं फिरवून बघितली. तीन अक्षरं, सहा मांडण्या. ऐन-मीम-लाम फिरवला की ऐन-लाम-मीम, त्यातून इल्म, मालूम. आणखी फिरवला की लाम-मीम-ऐन, लखलखणं. जी मांडणी अरबांच्या बोलण्यात सापडली ती मुस्तअमल, कामात असलेली. जी सापडली नाही ती मुहमल. ध्वनी जुळतो, जीभ अडत नाही, तरी अर्थ कुणी दिला नाही.

मुहमल कशातून, ते सर उद्या काढणार.

२८ फेब्रुवारी

हे, मीम, लाम. हमल. राखणदार नसताना चरायला सोडलेले उंट. नुसते रात्री सुटले तर त्याला वेगळा शब्द आहे, नफश. हमल दिवसाही आणि रात्रीही.

मी हमाल म्हटलं. सरांनी थांबवलं. "तो दुसरा ह, बाई. हमाल मोठ्या हेचा, ओझं वाहणारा. हा छोटा हे. याच्यावर ओझं नाही."

मराठीत दोन्ही एकच ऐकू येतात.

४ मार्च

बाळू विचारतो, हरण्याचं काय करायचं? कडबा महाग. काम शून्य. "आप्पांना तू सांग अक्का, तुझं ऐकतील."

मी म्हटलं, नाही सांगणार. कडब्याचे पैसे मी पाठवते.

तो चिडला. फोन ठेवला.

५ मार्च

पैसे पाठवले.

११ मार्च

सरांच्या डोळ्याला पाणी येतं. भिंग बदललं. मी मोठ्यानं वाचते, ते डोळे मिटून ऐकतात आणि माझा ऐन सुधारतात. आज तीनदा बरोबर निघाला.

१७ मार्च

बाळूचा फोन, स्वतःहून. आवाज निवळलेला.

"आप्पांनी दावं काढून टाकलंय हरण्याचं. रातच्यालाबी मोकळाच. म्हटलं जाईल कुणाच्या रानात, शिव्या खायच्या पाळ्या. चार वाजता उठून बघितलं."

"मग?"

"खुंटीपाशीच हुबा."

२३ मार्च

लामच्या शेवटच्या पानावर आलो. ये, लाम, लाम. यलल. वरचे दात आखूड असणं, आतल्या बाजूला वळलेले असणं.

घरी येऊन आप्पांना फोन केला. विचारलं, बैलाचे वरचे पुढचे दात असे आत वळलेले असतील तर त्याला आपल्यात काय म्हणतात?

"बैलाला वरचे पुढचे दात असतात का?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"खालचेच असतात. वर नुसती हिरडी. शेतकऱ्याची पोर तू." मग जरा थांबून, "आता आलीस की हरण्याचं तोंड उघडून दाखवतो."